भागिले बहात्तर

मिग-२१चे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७.१५ मीटर. १:७२ प्रमाणाच्या प्लास्टिक मॉडेलसाठी त्याला ७२ने भागलं की उरतात जेमतेम १० सेंटिमीटर. तळहातावर उतरेल एवढंसं लढाऊ विमान. इथवर गणित गोड वाटतं. किटचा डबा उघडून निपर, म्हणजे सुटे भाग कापायची बारीक पक्कड, हातात घेतला की ते उलटं फिरतं : आपल्या हातून जे होईल ते गुणिले ७२. ओल्या रंगात चिकटलेला एक केस म्हणजे खऱ्या पंखावर पाच मिलिमीटर जाडीची दोरी. साच्यातून आलेली पंखाची मागची कड पाऊण मिलिमीटर भरली, तर तिथे जवळजवळ साडेपाच सेंटिमीटरची फळीच झाली. ती आतल्या बाजूने घासून पातळ करायची, पंखाचे दोन भाग चिकटवायच्या आधी. नंतर घासायला गेलं तर वरच्या पृष्ठावरच्या पॅनलच्या, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या, रेघा पुसल्या जातात.

हे विमान वायुसेनेत १९६३ साली आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्याने निरोप घेतला. मधल्या काळात त्यातली शेकडो विमानं नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात तयार झाली. त्यातला एफएल हा प्रकार करायला घ्यावा, तोही उघड्या धातूच्या रुपेरी रूपात. सोपं म्हणून नव्हे. छद्मरंगाचे हिरवे-तपकिरी पट्टे बऱ्याच चुका पोटात घालतात. रुपेरी रंग चहाडखोर.

मिग-२१चं नाक म्हणजे हवा आत घेणारं गोल तोंड आणि त्यात बसवलेला शंकू. हा शंकू धडाचे दोन भाग जोडण्याआधी आत जायला हवा, आणि पुष्कळ किटमध्ये त्याचाही रंग आधीच द्यावा लागतो, कारण नंतर तिथे ब्रश पोचत नाही. खऱ्या विमानावर तो हिरवा, तसंच शेपटीचं टोकही हिरवं. रेडिओलहरी जाऊ द्यायच्या म्हणून हे भाग धातूचे नसतात. शंकूमागची पोकळी वजनासाठी सोयीची. वजन नसेल तर विमान शेपटीवर बसून आकाशाकडे बघत राहण्याची भीती. चाकांच्या जागी बोटं धरून, भाग सेलोटेपने जोडून आधीच तोल पाहावा. गळाला लावतात ते शिशाचे मणी चालतात, पण ते फेविकॉलने चिकटवू नयेत. त्यातल्या आम्लाने शिसं हळूहळू फुगतं, आणि वर्षा-दोन वर्षांनी कपाटात उभ्या असलेल्या विमानाचं धड आपोआप उकलतं. तिथे अॅरल्डाइटच हवं.

काचेचं मात्र उलट. कॅनॉपीला, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेला, फेव्हिक्विक लावलं तर त्याच्या वाफेने काच आतून पांढरी पडते; तिथे तोच बिचारा फेविकॉल उपयोगी. सुकल्यावर पारदर्शक होतो, आणि सांडलाच तर ओल्या कापडाने पुसला जातो.

धडासाठी पातळ सॉल्व्हंट सिमेंट. हे चिकटवत नाही, प्लास्टिक वितळवून एकजीव करतं. दोन भाग धरून फटीला ब्रश टेकवला की द्रव स्वतःच आत धावतो. त्याच फटीवर बोट असेल तर तो बोटाखालीही धावतो, आणि धडावर ठसा कायमचा उमटतो. किंचित दाबलं की वितळलेल्या प्लास्टिकचा बारीक मणी वर येतो; तो यायलाच हवा. दोन दिवस हात लावू नये. घाईने घासलं तर आत अजून आकसत असलेलं प्लास्टिक पुढे खाली बसतं, आणि जिथे सपाट केलं होतं तिथे रंगानंतर घळ दिसते.

घासणं ४००च्या वॉटर पेपरने सुरू करायचं. मग ६००, १०००, २०००. एखादा टप्पा गाळायचा मोह सगळ्यांना होतो. ६०० वरून थेट रंगावर उडी मारली तर राखाडी प्रायमरखाली काहीच दिसत नाही, पण चकचकीत काळा थर बसला की ओरखडे उन्हात कोळ्याचं जाळं दिसावं तसे उठतात. रुपेरीखाली हा काळा थर लागतोच, चमक त्याचीच असते. तो दुधाइतका पातळ करून, एअरब्रशच्या, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनच्या, ०.३ मिलिमीटरच्या नोझलने, १५ ते २० पीएसआय दाबावर, दोन-तीन हातांत. एअरब्रश लांब धरला तर थेंब वाटेतच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. फार जवळ आणला तर रंगाला पाय फुटतात. आणि जुलैत, कोकणात किंवा मुंबईत, लॅकर जातीचा रंग मारूच नये. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ तिथे धरते, आणि काळ्या आरशावर ताक सांडल्यासारखा पांढुरका डाग पडतो. गणपतीनंतरचं कोरडं ऊन बघून काम काढावं.

डिकल म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर सरकवायची छापील चिन्हं. त्यांच्या शीटवर वायुसेनेच्या गोल चिन्हातले केशरी, पांढरा, हिरवा हे तीन रंग वेगवेगळे छापलेले असतात. केशरी ठिपका मधोमध आहे का ते भिंगातून पाहावं. अर्धा मिलिमीटर सरकला तरी गुणिले ७२ आहेच. कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद, मग बाहेर मिनिटभर, मग ब्रशनेच सरकवत जागेवर. डिकल मऊ करणारं सेटिंगचं द्रावण लावलं की डिकल सुरकुततो, आणि इथे नवशिक्याचा जीव खालीवर होतो. हात लावायचा नाही. तो आपला आपण ताणून बसतो. बोट लावलं तर फाटतो.

नाकावरची पिटोनळी, म्हणजे विमानाचा वेग मोजणारी पुढे आलेली नळी, सगळ्यात शेवटी. किटमधली जाड असते आणि मोडतेही पहिली, म्हणून इंजेक्शनची बारीक सुई कापून बसवतात. धूळ झटकताना मऊ ब्रश शेपटीकडून नाकाकडे न्यावा, म्हणजे केस तिच्यात अडकत नाहीत.