तुम्ही विचारलेत म्हणून: घरची काळजी नीट होते आहे, हे कशावरून ओळखायचे?

पाठीच्या मणक्याला किंवा डोक्याला जबर मार लागलेल्या माणसांच्या फिजिओथेरपीसाठी मी नागपुरात घरोघरी जाते. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांतून, नाहीतर धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या खासगी रुग्णालयातून डिस्चार्ज मिळाला की घरात पलंग, हवेची गादी, लघवीची पिशवी अशी मांडामांड होते, घरी मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोकडून एखादी मावशी किंवा ब्रदर (पुरुष मदतनीस) येतो, आणि काही आठवड्यांनी घरातले कोणीतरी मला फाटकापर्यंत सोडायला येऊन हळूच विचारते, "ताई, आम्ही आमच्या परीने सगळे करतो, पण ते नीट होते आहे की नाही हे आम्हाला कसे कळावे?" कधी विचारणारी पुण्याहून चार दिवसांसाठी आलेली बहीण असते, कधी दिवसभर दुकानावर बसणारे वडील असतात. या प्रश्नाचे उत्तर फाटकाशी उभ्याने देता येत नाही, म्हणून ते सविस्तर लिहिते.

काळजी चांगली आहे की नाही, हे काळजी घेणाऱ्याच्या कष्टांवरून ठरवू नये. ज्याची काळजी घेतली जाते त्याच्या अंगावरून आणि त्याच्या दिवसावरून ते ठरवावे. असे म्हटले की घरच्यांना लागते, कारण कष्ट खरे असतात, झोप मोडलेली असते, पैसा पाण्यासारखा गेलेला असतो. एव्हेडिस डोनाबेडियन या अभ्यासकाने १९६६ मध्ये वैद्यकीय सेवेचा दर्जा जोखताना तीन गोष्टी वेगळ्या करून पाहायला शिकवले: हाताशी साधने आणि माणसे कोणती आहेत, प्रत्यक्षात काय केले जाते, आणि त्यातून रुग्णाचे काय झाले. घरी आपण बहुतेक वेळा पहिल्याच गोष्टीपाशी थांबतो. गादी किती हजारांची आणली आणि ब्रदर कुठे शिकला हे सगळ्यांना ठाऊक असते. माकडहाडावरची कातडी आज सकाळी कशी होती, हे विचारले की एकमेकांकडे पाहिले जाते.

म्हणून मी आधी कातडी बघते. संवेदना गेलेल्या माणसाला एका जागी दाब पडतो आहे हे कळतच नाही, त्यामुळे ते दुसऱ्या कोणीतरी बघावे लागते. माकडहाड, दोन्ही टाचा, खुब्याची हाडे, घोटे, डोक्याची मागची बाजू, आणि जो व्हीलचेअरवर बसतो त्याची बसण्याची हाडे, या जागा रोज दोनदा उजेडात बघायच्या. लालसर डाग दिसला तर त्यावर बोट दाबून सोडावे. तेवढी जागा फिकी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त अजून फिरते आहे. फिकी पडलीच नाही, तर ती बेडसोअरची, म्हणजे दाबामुळे होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी आहे आणि लाली जाईपर्यंत त्या जागेवर अजिबात भार येऊ द्यायचा नाही. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तिथे हाताच्या उलट्या बाजूने चाचपून ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा पिचपिचीत लागते का, ते बघावे. अंथरुणावर साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे हा यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय आहे, आणि हवेची गादी आणल्याने तो चुकत नाही. ती गादी पुरेशी फुगलेली आहे का, हे बघण्याची एक साधी रीत आहे: माणूस झोपलेला असताना त्याच्या कमरेखाली, पण गादीच्या खालून, तळहात वर करून हात सरकवावा, अंग आणि हात यांच्यामध्ये निदान इंचभर हवा जाणवली पाहिजे. हाड थेट हाताला लागले तर गादी असून नसल्यासारखीच आहे.

प्रेमापोटी केल्या जाणाऱ्या दोन गोष्टी इथे सांगून ठेवते, कारण त्या मला अजूनही घराघरांत दिसतात. लाल झालेली जागा स्पिरिट किंवा पावडर लावून चोळली जाते. त्याने दाबाखाली आधीच दुखावलेली कातडी आणखी दुखावते. दुसरी म्हणजे बसायला दिलेली हवेची गोल रिंग. तिच्या कडेवर दाब एकवटतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा कमी होतो.

लघवीच्या बाबतीत वासापेक्षा पाण्याचा हिशेब मला जास्त सांगून जातो. ज्यांना ठरावीक वेळाने कॅथेटर, म्हणजे नळी, घालून लघवी काढावी लागते, त्यांची लघवी साधारण चार ते सहा तासांनी काढायची असते आणि एका वेळी ५०० मिलिलीटरच्या वर साचू द्यायची नसते. आता, पाणी जास्त दिले की कॅथेटर जास्त वेळा घालावा लागतो, आणि म्हणून कोणी मुद्दाम न ठरवताही त्या माणसाच्या हाताशी तांब्या ठेवणे हळूहळू बंद होते. तोही बोलत नाही, कारण आपल्यामुळे इतरांना होणारा त्रास कमी व्हावा असे त्यालाच वाटत असते. लघवीतला जंतुसंसर्ग आणि पुढे मूतखडे यांना इथूनच वाट मिळते. नागपूरच्या मे महिन्यात, जेव्हा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा हे फारच गंभीर होते, कारण मज्जारज्जूला वरच्या पातळीवर इजा झालेल्या माणसाला इजेच्या खाली घाम येत नाही. खोलीतल्या बाकीच्यांना नुसते उकडत असते, तेव्हा त्याचे अंग खरोखर तापत असते. अशा घरात मी विचारते की दुपारी वीज गेली तर काय करता. ओल्या कपड्याने अंग पुसणे, अंगावर पाण्याचा फवारा मारणे, त्याला खालच्या मजल्यावरच्या थंड खोलीत हलवणे, आणि पंप बंद पडल्यामुळे गादीतली हवा उतरणार म्हणून कूस लवकर बदलणे, हे ज्यांना लगेच सांगता येते त्यांनी विचार करून ठेवलेला असतो. कूलरचा झोत थेट पलंगावर असेल तर चादर दमट राहते का, तेही हात लावून बघावे. ओलसर कातडी लवकर फाटते.

एक धोका मात्र घरातल्या प्रत्येकाला, अगदी रात्रपाळीच्या नव्या माणसालाही, तोंडपाठ असायला हवा. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा झाली असेल, तर लघवीची नळी पिळली जाणे, आतड्यात मळ साचणे किंवा एखादा आवळ कपडा एवढ्यानेही रक्तदाब एकदम चढू शकतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, इजेच्या वर घाम फुटतो. अशा माणसाचा वरचा रक्तदाब एरवी ९० ते ११० च्या आसपास असतो. त्यामुळे यंत्रावर १४० दिसले आणि 'थोडाच वाढला आहे' म्हणून सोडून दिले, तर ते जिवावर बेतू शकते. त्याला ताठ बसवून पाय खाली सोडायचे, कपडे सैल करायचे, नळी आणि पिशवी तपासायची, आणि उतार पडला नाही तर वेळ न दवडता रुग्णालय गाठायचे. "डोके दुखते म्हणाला तर काय देता?" असे मी मावशींना सहज विचारते. "गोळी" एवढेच उत्तर आले, तर त्या घरात कोणीतरी त्यांना शिकवायचे राहून गेलेले असते.

डोक्याला मार लागलेल्यांची गोष्ट निराळी आहे. तिथे कातडी निर्मळ असू शकते, वजन नीट असू शकते, आणि तरी काळजी वाईट असू शकते. चिडणे, तेच तेच विचारणे, सकाळी सांगितलेले दुपारी विसरणे हा मेंदूच्या इजेचा भाग असतो, पण काही महिन्यांनी घरात त्याला हट्टीपणा हे नाव पडते आणि बोलण्याची पट्टी चढत जाते. मी अशा घरात टीव्हीचा आवाज ऐकते, एका वेळी किती जण त्याच्याशी बोलतात ते बघते, आणि त्याला उत्तर द्यायला किती अवधी मिळतो ते बघते.

आता वहीबद्दल. बहुतेक ब्युरो पाळीची वही लिहायला लावतात, आणि घरचे ती मला कौतुकाने दाखवतात. ज्या वहीत आठवडाभर दर दोन तासांनी, एकाच शाईत, एकाच ओळीच्या वळणाने 'कूस बदलली, सर्व नॉर्मल' असे लिहिलेले असते, ती वही मला काळजीत टाकते. 'चारला गाढ झोपेत होता, पाचला वळवले, डाव्या टाचेवर पुसट लाली' असे ज्या वहीत सापडते, तिथे कोणीतरी खरोखर बघते आहे. तेव्हा ती उशिराची नोंद पाहून रागावू नका. रागावलात तर पुढच्या आठवड्यापासून सगळे नॉर्मल लिहून येईल.

यानंतर मी त्या माणसाशी एकट्याने बोलते. नंदनवन भागातल्या एका घरी तरुण मुलगा मानेच्या इजेने अंथरुणावर होता. आई अतिशय मायाळू. मी त्याला काही विचारले की उत्तर तिच्याकडून येई. "त्याले फुलासारखं ठेवलं आहे जी आम्ही," ती म्हणाली, आणि ते खरेच होते: एक डाग नव्हता अंगावर. ती चहा ठेवायला आत गेली तेव्हा त्याने दाराकडे पाहून सांगितले की त्याला संध्याकाळी साडेसातलाच आडवे करतात, कारण खुर्चीतून उचलणाऱ्या ब्रदरची पाळी आठला संपते. मित्र कामावरून सुटून आठनंतरच येऊ शकत, आणि त्यांच्यासमोर चादरीखाली पडून राहण्याची लाज वाटते म्हणून त्याने त्यांना येऊ नका असे कळवले होते. घरात हे कोणालाच माहीत नव्हते. ब्रदरची वेळ दोन तासांनी पुढे सरकवायला एक फोन पुरला. पण तो प्रश्न आईसमोर विचारला असता तर त्याने 'सगळे ठीक आहे' असेच म्हटले असते. उठायचे केव्हा, दाढी करायची की नाही, कोणाला भेटायचे, अंघोळीच्या वेळी दार लोटलेले असते का, यातल्या किती गोष्टी तो ठरवतो, हे मी कातडीइतकेच महत्त्वाचे मानते.

आणि जी व्यक्ती हे सगळे रेटते, बहुधा आई किंवा बायको, ती आजारी पडली तर त्या रात्री कूस कोण बदलणार, याचे उत्तर घरात तयार असायला हवे. एकट्याच्या बळावर चाललेली काळजी आज कितीही चांगली दिसली तरी मी तिला चांगली म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ५ फेब्रुवारी २०२० च्या एका अपघात-भरपाईच्या निकालात, पूर्ण अपंगत्व आलेल्या मुलीसाठी एक मदतनीस पुरणार नाही असे धरून दोन मदतनिसांचा खर्च, प्रत्येकी महिना २५०० रुपये धरून आणि वर्षाच्या खर्चाला १८ चा गुणक लावून, १०,८०,००० रुपये ठरवला होता. २५०० रुपयांत आज नागपुरात कोणी बारा तास थांबणार नाही. पण चोवीस तासांची काळजी हे एका माणसाचे काम नाही, एवढे त्यात मान्य झाले. तुमच्या भरपाईच्या दाव्याचे काम चालू असेल तर मदतनिसाच्या पगाराच्या पावत्या जपून ठेवा आणि वकिलांना द्या.

बाहेरगावाहून येणाऱ्या भावा-बहिणींना मी सांगते की दिवसा येऊन फळे ठेवून जाऊ नका, एक रात्र त्याच खोलीत झोपा. दोन ते पाचच्या दरम्यान काय होते, हाक मारल्यावर किती वेळाने कोणी येते, ते तुम्हाला स्वतःला कळेल. तेव्हा काही उणे दिसलेच तर लगेच मावशी बदलू नका. नवी येणारीही तेवढीच अनभिज्ञ असू शकते, आणि मधल्या दिवसांत तो माणूस अनोळखी हातांत राहतो. आधी मला किंवा नर्सला बोलावून मावशीसमोर एकदा कूस बदलून दाखवायला सांगा, मग मावशीला आमच्यासमोर करू द्या. जखम खोल असेल, काळी पडली असेल, वास येत असेल किंवा ताप असेल, तर मात्र हे सगळे बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.