फ्रीलान्सरचा खर्च: भाड्यापासून लॅपटॉपपर्यंत

नव्या कररचनेत 80सी (विमा, पीपीएफसारख्या बचतीवरची वजावट) गेलं म्हणून धंद्याचा खर्चही गेला, असा समज बऱ्याच जणांचा असतो. तो चुकीचा आहे. कामासाठी केलेला खर्च जुन्या-नव्या दोन्ही रचनांत उत्पन्नातून वजा होतो.

घोडबंदर रोडला 600 चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट भाड्याने घेतलाय आणि 120 फुटांची खोली फक्त कामाला आहे, तर भाड्याचा पाचवा हिस्सा धरा. 30,000 भाडं असेल तर वर्षाचे 72,000 झाले. भाडेकरार आणि बँकेतून भाडं गेल्याची नोंद जपून ठेवा. महावितरणचं बिल, इंटरनेट यांचाही असाच पटेल एवढाच हिस्सा घ्या.

लॅपटॉपची पूर्ण किंमत एका वर्षात टाकता येत नाही, इथेच बहुतेकांचं गणित फसतं. त्यावर 40 टक्के घसारा (वस्तू जुनी होते म्हणून दरवर्षी मिळणारी वजावट) मिळतो. पण त्या आर्थिक वर्षात (एप्रिल ते मार्च) वापर 180 दिवसांपेक्षा कमी असेल तर निम्माच. म्हणजे 80,000चा लॅपटॉप 10 नोव्हेंबरला घेऊन वापरायला लागलात, तर पहिल्या वर्षी 16,000, पुढच्या वर्षी उरलेल्या 64,000वर 25,600. आणि पैसे रोख देऊ नका! एका दिवसात एकाच माणसाला 10,000च्या वर रोख दिले, की ती रक्कम वजावटीतून बाद.

44एडीए (खर्चाचा हिशेब न मांडता अंदाजे नफ्यावर कर भरायची सोय) घेतलंत, तर कामातून वर्षभरात जमा झालेल्या रकमेचा निम्मा भाग थेट नफा धरला जातो; मग वेगळा खर्च नाही, घसाराही नाही. खरा खर्च निम्म्याहून कमी असेल तर तेच घ्या. मात्र ते ठरावीक व्यवसायांनाच लागू आहे, आधी तपासा.