आमची वाटचाल: आठ अक्षरं आणि एक जुना बंपर

आमचा धंदा गाडीच्या पाठीचा. स्पोर्ट्स कारचं तोंड मालक पुसत बसतो, पण रस्त्यावरच्या बाकी सगळ्यांना दिसते ती तिची पाठ: डिकी, टेललाइट आणि झपकन पुढे निघून जाणारी सायलेन्सरची तोंडं. तिथे लावायच्या पट्ट्या, अक्षरं, डिकीवरची लिप म्हणजे कडेची उंचवट्याची पट्टी, बंपरखालचा पंखांचा डिफ्यूझर, सगळं आम्ही बनवतो आणि बसवूनही देतो.

सुरुवात मात्र पाट्यांपासून झाली. मी आणि धाकटा भाऊ लेझर कटिंगची कामं घ्यायचो, दारावरच्या नावांची, यंत्रांवरच्या सूचनांची. एक दिवस एक गृहस्थ कॉर्व्हेट ही अमेरिकन स्पोर्ट्स कार घेऊन आले, सी-5, म्हणजे 1997 ते 2004 या मॉडेल वर्षांतली पिढी. या गाडीच्या मागच्या बंपरमध्येच CORVETTE हे नाव खोलगट कोरलेलं असतं, पण बंपरच्याच रंगात. दोन पावलं मागे सरलं की ते दिसेनासं होतं. त्यांना त्या खाचांत चकचकीत स्टीलची अक्षरं हवी होती. "आठ अक्षरं, एवढंच ना?" भाऊ म्हणाला. त्या "एवढंच"ची आठवण मी त्याला अजून करून देतो.

कॉम्प्युटरवरचा कुठलाही फॉन्ट त्या खाचेशी जुळेना. शेवटी पातळ कागद बंपरवर ताणला, पेन्सिल आडवी धरून घासली आणि कडा उमटवून घेतल्या. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून छाप काढायचो, तसं. नावात ई दोनदा येतो, टी दोनदा. आम्ही हुशारी करून दोन्ही ई एकाच फाइलवरून कापले, तर शेवटचा बसेचना. मग प्रत्येक खाचेची वेगळी फाइल केली. आजही नव्या मॉडेलचं काम आलं की पहिला अर्धा दिवस कागद-पेन्सिलीतच जातो.

ती अक्षरं आम्ही झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवली. फोटो काढले, हस्तांदोलन झालं. तिसऱ्या आठवड्यात फोन आला, "अहो, तुमचा व्ही पडला. गाडीचं नाव आता कॉरेट झालंय."

त्या एका व्हीने आम्हाला जेवढं शिकवलं तेवढं नंतरच्या कुठल्या कामाने शिकवलं नाही. उन्हात गाडी तापली की बंपरचं प्लास्टिक स्टीलच्या कितीतरी पट जास्त फुगतं, आणि रात्री तेवढंच आक्रसतं. झटपट गोंद वाळला की काचेसारखा कडक होतो. दोन्हीकडची ओढाताण त्याला सोसत नाही, तो तडकतो. इथे हवा असतो तो अॅक्रिलिक फोमचा डबल टेप. तो आतल्या आत ताणला जातो, दोघांनाही आपापल्या मापाने हलू देतो आणि तरी सोडत नाही. नवशिक्यांना तो पाहून शंका येते, कारण हाताला मऊ लागतो.

टेप बदलला तरी तुकडे निघतच होते, फक्त कमी. यातली बरीच चूक स्वच्छतेची निघाली. हौशी मालकाची गाडी पुसलेली असते, पण ती मेणाने, सिलिकॉनच्या पॉलिशने. टेप मग रंगाला चिकटतच नाही, मेणाला चिकटतो. आता आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन जागा पुसतो, आणि फडकं काळं निघायचं थांबेपर्यंत पुसतो. बंपर पॉलिप्रॉपिलीनचा असला, आणि पुष्कळ गाड्यांचा तसाच असतो, तर उघड्या प्लास्टिकवर आधी प्राइमर, म्हणजे टेपला पकड देणारा पातळ थर. या प्लास्टिकला मुळात काहीच चिकटू द्यायची इच्छा नसते. नुकताच रंगवलेला बंपर आला तर काम घेत नाही. रंगातला द्रव उडून जायला काही आठवडे लागतात, तोवर टेपखाली फुगे येतात.

आणि वेळ. खोलीच्या तापमानाला असा टेप वीस मिनिटांत साधारण निम्मा धरतो, 24 तासांत नव्वद टक्के, पुरता धरायला 72 तास. पारा 10 अंशांखाली असेल तर आम्ही बंपर आधी हीट गनने कोमट करून घेतो. हे सगळं गिऱ्हाइकाला समजावणं म्हणजे वेगळाच धंदा आहे. नवी पट्टी लागली की माणसाला त्याच संध्याकाळी गाडी प्रेशरच्या पाण्याने धुवायची असते! काही जण आमच्यावर चिडून दुसरीकडे गेले, जिथे तासाभरात किल्ली हातात देतात. त्यातले काही परत आले, पट्टी पिशवीत घेऊन.

डिफ्यूझरबद्दल माझं मत विकणाऱ्याला शोभणारं नाही, पण सांगतो. खरा डिफ्यूझर गाडीच्या सपाट तळाशी मिळून खालच्या हवेला वाट देतो आणि गाडी रस्त्याला धरून ठेवायला मदत करतो. आम्ही बंपरखाली लावतो ते एबीएस प्लास्टिकचे पंख दिसायला झकास असतात, आणि तेवढंच त्यांचं काम. पोर्शच्या 911 कॅरेरा आरएस 2.7 वर 1972 साली बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर आला तो वेगात मागची चाकं उचलली जाऊ नयेत म्हणून. आज तसाच आकार हौसेने चिकटवला जातो. हौसेला माझा विरोध नाही, माझं घर त्यावर चालतं. फक्त "याने गाडी रस्त्याला जास्त धरेल का?" असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणतो, आणि गंमत म्हणजे तरीही ते घेतात.

या पंखांनी एकदा आम्हाला चांगलं पोळलं. एबीएस शंभर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि सायलेन्सरचं तोंड त्याहून कितीतरी जास्त तापतं. लांबच्या प्रवासाहून आलेली एक गाडी बघितली तर मधले दोन पंख मेणबत्तीसारखे वाकलेले. पैसे परत केले. आता त्या जागी पंख आखूड ठेवतो आणि मागून धातूचा पत्रा देतो.

काही कामं बंदच केली. टेललाइटवरची काळी आवरणं आम्ही एक काळ विकत होतो, भरपूर खपायची. मग एका संध्याकाळी आमच्याच गिऱ्हाइकाच्या मागे गाडी चालवत होतो. त्याने ब्रेक दाबला आणि मला ते उशिरा कळलं. दुसऱ्या दिवशी उरलेला माल कचऱ्यात टाकला. भावाचं नि माझं त्यावरून आठवडाभर बोलणं बंद होतं. रिफ्लेक्टरवर, नंबर प्लेटच्या दिव्यावर किंवा पार्किंगच्या सेन्सरपुढे येणारी पट्टीही बसवत नाही, मग ती कितीही सुंदर असो.

अक्षरं कापताना ओच्या पोटातून एक लंबगोल तुकडा निघतो. सुरुवातीला तो भंगारात जायचा. आता दुकानामागे उन्हापावसात एक जुना बंपर टांगला आहे, आणि टेपचा नवा रोळ आला की त्यातला तुकडा अशा एका लंबगोलाखाली लावून त्यावर चिकटवतो, बाजूला मार्करने तारीख. आज तिथे असे चाळीसेक ओ आहेत. वरच्या ओळीतला डावीकडून तिसरा भावाने पक्कड लावून ओढला होता. पक्कड निसटली, ओ तिथेच आहे. त्याच्या शेजारी नुसतीच तारीख आहे. तो बिनप्राइमरचा होता, पहिल्याच पावसात गेला.