तुम्ही विचारलंत म्हणून: युकुलेलेवर ई मेजर मी का टाळते

"ई म्हणजे गिटारवरची सगळ्यात सोपी कॉर्ड. तुझ्या त्या चार तारांवर ती येत नाही?" हे इतक्यांदा ऐकलंय की आता एकदाच लिहून टाकते. (ई म्हणजे ई मेजरच; कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे काही सूर.)

विचारणारे बहुतेक गिटारवाले असतात. त्यांनी त्यांची ई माझ्या युकुलेलेवर, गिटारच्या या चार तारांच्या धाकट्या बहिणीवर, लावून बघावी. बोटं तशीच ठेवली तर ए वाजते. गिटारच्या बारीक चार तारांना पाचव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या रेघा) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावला की जे होतं, तीच युकुलेलेची रचना, फक्त चौथी तार एक सप्तक वर. म्हणजे माझी ई ही तुमची बी. हो, तीच बारवाली, एक बोट आडवं टाकून अनेक तारा दाबायची, जिच्यापायी तुम्ही गाण्याची पट्टी बदलून घेता.

आता डी बघा. तीन तारा दुसऱ्या फ्रेटवर दाबायच्या, पहिली मोकळी. हाच आकार दोन फ्रेट वर नेला की ई, ४४४२ (चौथ्या तारेपासून पहिलीपर्यंत कुठल्या फ्रेटवर दाबायचं ते आकडे; शून्य म्हणजे मोकळी). पण मोकळ्या तारेला आता तर्जनी लागते, आणि उरलेली तीन बोटं चौथ्या फ्रेटच्या घरात कोंबायची. सोप्रानोवर, म्हणजे छोट्या आकाराच्या युकुलेलेवर, ते घर दीड सेंटीमीटरच्या आसपास. नाहीतर अनामिका आडवी टाकायची. मग तिचं पेर उलटं वाकायला हवं, नाहीतर पहिली तार तिच्याखाली दबून मुकी होते. माझं पेर वाकत नाही. ही सबब नाही. बरं, थोडी आहे.

आमच्या गटाच्या एका तालमीत गाणारीच्या आवाजासाठी गाणं ई पट्टीत घेतलं. कॉर्ड तीनच: ई, ए, बी. युकुलेलेवर बीसुद्धा बार टाकूनच. दोन-तीनदा माझी पहिली तार खरखरली, तेव्हा गिटारवाला सगळ्यांसमोर म्हणाला, "तू असं कर, ई आणि बी आली की थांब. ए वाजव फक्त." मी म्हटलं, दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावते, डी, जी, ए धरून वाजवते, सूर तेच येतील. तो हसला. "एवढ्याशा वाद्याला कॅपो?" त्याच्या स्वतःच्या गिटारवर चौथ्या फ्रेटला कॅपो होता आणि तो सीचे आकार धरून आरामात वाजवत होता. हे मी तेव्हा बोलले नाही. का नाही बोलले, याचं उत्तर ई मेजरपेक्षा अवघड आहे. ध्रुवपदात ए एकदाच येत होती. मी मान खाली घालून तिची वाट बघत बसले, आणि आली तेव्हा फार जोरात वाजवली.

त्याआधी मी सगळ्यांना ठासून सांगायचे की ई सेव्हन पुरते. १२०२, हाताला हलकी. आणि पुरतेच, पुढे ए येणार असेल तर. सा-ग-प मध्ये कोमल निषाद मिसळला की कॉर्डला पुढे जायची घाई होते, आणि ए कडे जाताना ती घाई हवीच असते. पण ई हाच षड्ज असेल तर गाणं तिच्यावर टेकायला येतं आणि सेव्हन त्याला टेकू देत नाही. हे मला तेव्हाही ऐकू येत होतं. तरी वाद घालत होते, आणि अजूनही म्हणेन की निम्म्या गाण्यांत माझंच खरं आहे.

सध्या असं चाललंय: गाणं ए मध्ये असेल तर ई सेव्हन, बिनधास्त. ई मध्ये असेल तर कॅपो. एकटी असले की १४०२, ज्यात करंगळी तिसऱ्या तारेवर चौथ्या फ्रेटपर्यंत ताणावी लागते. तिच्यात सूर सगळे बरोबर आहेत, पण मला ती कॉर्ड अशक्त वाटते. ४४४२ कधी स्वच्छ वाजते, कधी नाही, आणि कशामुळे ते मला सांगता येत नाही.

गटाचं बोलावणं परत आलंय. गाणं कुठल्या पट्टीत आहे, ते मी अजून विचारलेलं नाही.