बोटीच्या विंचपासून शर्यतीच्या ब्रेकपर्यंत : आमची वाटचाल

आमच्या वर्कशॉपच्या दारावर आजही 'बोटींची सर्व कामे केली जातील' एवढंच लिहिलेलं आहे. मोटरसायकलचा पाटीवर पत्ता नाही. बाबांनी १९७८ साली रंगवून घेतलेली ती पाटी, दर दोन पावसाळ्यांनी आम्ही तीच अक्षरं पुन्हा गिरवतो. नवीन गिऱ्हाईक आधी पाटी वाचतं, मग आत डोकावतं. तिथे हेडलाइट नसलेली, पुढे निळी नंबरप्लेट लावलेली राजदूत ३५० उभी दिसते. मग ते परत बाहेर जाऊन पाटी वाचतं.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरापासून आम्ही चालत दहा मिनिटांवर. बाबांनी कर्ज काढून जुनं आठ फुटी लेथ मशीन घेतलं, तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. मशीन गॅप बेडचं, म्हणजे चकच्या (वस्तू धरून फिरवणाऱ्या जबड्याच्या) पुढचा बेडचा तुकडा काढून ठेवता येतो आणि त्या खळग्यात मोठ्या घेराची वस्तू फिरवता येते. बोटींच्या इंजिनांची फ्लायव्हील फिरवायची म्हणून बाबांनी हट्टाने तेच घेतलं. आजूबाजूच्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं, कारण त्याच पैशात नवीन लहान मशीन येत होतं. या खळग्याची गोष्ट पुढे येईलच.

कामं सगळी बंदरातली. वाकलेला पंख्याचा शाफ्ट सरळ करायचा, पंपाचं बुश बनवायचं, जाळं ओढायच्या विंचच्या ब्रेकला नवीन लायनिंग बसवायचं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या. तो आमचा हंगाम. आणि पैसे? नारळी पौर्णिमेनंतर दोन-चार फेऱ्या चांगल्या झाल्या की. उधारीची वही हीच आमची खरी बॅलन्स शीट होती.

मी टर्नरचा आयटीआय करून १९९४ मध्ये बाबांच्या हाताखाली उभा राहिलो. तेव्हा बंदरावरच्या पोरांच्या हातात यामाहा आरएक्स १०० आली होती. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, आणि अंगात वारं शिरल्यासारखी पळणारी. ती पोरं सिलिंडर बोअर करायला, म्हणजे झिजलेलं भोक आतून कापून मोठं करायला आणायची. बाबा म्हणायचे, "बोटीचं काम बाजूला ठेवून शिट्ट्या कसल्या दुरुस्त करतोस?" पण बोअरचे पैसे रोख मिळायचे, त्यामुळे पुढे ते बोलायचे बंद झाले.

१९९६ मध्ये आरएक्स १०० चं उत्पादन थांबलं आणि म्हैसूरचा येझदीचा कारखानाही बंद पडला. गाड्या मात्र रस्त्यावर होत्या. सुटे भाग आधी महाग झाले, मग नकली झाले, मग मिळेनासे झाले. एका मोठ्या शहरातल्या दुकानदाराने मला 'ओरिजिनल' म्हणून दिलेल्या रिंगा पाचशे किलोमीटरमध्ये झिजल्या. गिऱ्हाइकाला मी इंजिन फुकट उघडून दिलं आणि त्या दिवसापासून जे बनवता येईल ते स्वतःच बनवायला लागलो. बुश, पिन, स्पेसर, ब्रेकचे कॅम. येझदीचा किक आणि गिअरचा एकच लिव्हर असतो, किक मारून झाली की तोच पुढे वळवून गिअर टाकायचा. त्याच्या आतल्या झिजलेल्या खाचा भरून पुन्हा कापायचं काम मी इतक्या वेळा केलंय की आता माप बघावं लागत नाही. (बघतो मात्र.)

शर्यतीच्या गाड्या आमच्याकडे आल्या त्या पुरामुळे.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारात शिरलं. पुढचे चार महिने चिपळूणहून टेंपो भरभरून गाड्या येत होत्या. त्यात एका निवृत्त मास्तरांची राजदूत ३५० होती. यामाहा आरडी ३५० चीच ही भारतीय बहीण, एस्कॉर्ट्सने १९८३ पासून इथे बनवलेली. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, सहा गिअर. सुरुवातीचं मॉडेल ३०.५ अश्वशक्तीचं, पेट्रोल फार पितं म्हणून नंतर २७ वर आणलेलं. मास्तरांच्या गाडीच्या क्रँककेसमधून चमच्याने गाळ काढला. दोन-स्ट्रोकचा क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर गोल फिरणारा दांडा, दाबून एकत्र बसवलेल्या तुकड्यांचा असतो. त्याच्या रोलरमध्ये एकदा चिखल गेला की धुऊन भागत नाही, प्रेसवर सगळा उसवावा लागतो. उसवला, नवीन पिना बसवल्या, व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजखाली फिरवत तांब्याच्या हातोडीने ठोकत ठोकत त्याची डगमग ०.०३ मिलिमीटरच्या आत आणली. तीन दिवस गेले.

मास्तरांना गाडी फक्त चालू हवी होती. त्यांच्या मुलाला ती पळवायची होती.

घाटावर एका जुन्या धावपट्टीवर ड्रॅग रेस होती. आम्ही ती राजदूत (आम्ही तिला आरडीच म्हणतो) सजवून नेली. टाकीला पॉलिश, खाली झुकलेला हँडल, ऐटीसाठी कापून आखूड केलेले ब्रेक-क्लचचे लिव्हर. स्क्रुटिनीला, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीला, पन्नाशीचे एक गृहस्थ होते, हातात टॉर्च आणि मोजपट्टी. त्यांनी इंजिन चालू करायलाही सांगितलं नाही. खाली वाकून ऑइलच्या ड्रेन बोल्टला बोट लावलं आणि विचारलं, "वायर कुठंय?" मग लिव्हरचं टोक अंगठ्याने दाबून बघितलं. लिव्हर कापताना टोकाची गोळी आम्ही उडवली होती. मग हँडल पूर्ण वळवला, आणि पोराचा अंगठा टाकी आणि हँडलच्या मध्ये चेपला. "गाडी छान आहे," ते म्हणाले, "घरी घेऊन जा."

आंबा घाट उतरेपर्यंत टेंपोत कोणी बोललं नाही.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा नियमावली नीट वाचली. म्हणजे माझ्या मुलीने इंग्रजी वाचून दाखवली आणि मी समोर गाडी ठेवून समजून घेतली. लिव्हरच्या टोकाला निदान १६ मिलिमीटर व्यासाची गोळी हवी, कारण पडल्यावर उघडं टोक अंगात घुसतं. हँडल पूर्ण वळल्यावर टाकीपासून ३० मिलिमीटर जागा हवी, ती बोटांसाठी. ड्रेन बोल्ट वायरने असा बांधायचा की वायरची ओढ बोल्ट आवळण्याच्या दिशेनेच राहील. बोल्ट सुटला तर ऑइल आधी आपल्याच मागच्या टायरवर येतं आणि मग मागून येणाऱ्यांच्या वाट्याला. मागच्या चाकाजवळ, चेन दातांवर चढते तिथे पात्यासारखा गार्ड हवा, तिथे बोट गेलं तर बोट राहत नाही. थ्रॉटल सोडला की आपोआप बंद झाला पाहिजे. प्रत्येक ओळीमागे कुणाचं तरी हाड मोडलेलं आहे हे वाचतानाच कळतं. माझ्या चुका मात्र सगळ्या दिसण्यासाठी केलेल्या होत्या. बाबांनी हयातीत बोटीवर दिसण्यासाठी एक नट बसवला नव्हता.

वायर बांधायला मला कोणी शिकवावं लागलं नाही, हे एक बरं. हलणाऱ्या बोटीत सुटू नये म्हणून पंख्याच्या नटाला आम्ही वर्षानुवर्षं तेच करत होतो.

सुरक्षेचे नियम कळले तरी क्लासिक, म्हणजे जुन्या गाड्यांच्या, शर्यतीतला वयाचा नियम कळायला मला इंग्लंडचं गिऱ्हाईक मिळावं लागलं. रत्नागिरीचाच मुलगा, तिकडे नोकरीला. तो जुनी बुलेट ३५० क्लासिक गटात पळवतो. गाडी मद्रासची, १९९० च्या आसपास बनलेली. मी त्याला फोनवर म्हटलं, "अरे, ही क्लासिक कशी?" तो म्हणाला, "काका, वर्ष नाही बघत. रचना बघतात." ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, ३४६ सीसी. हे इंजिन १९५५ पासून मद्रासला त्याच मापांवर बनत राहिलं. मूळची इंग्लंडमधल्या रेडिचची रॉयल एनफील्ड कंपनी १९७० च्या सुमारास संपली तरी आपल्याकडे ते सुरूच होतं. बऱ्याच नियमावल्यांत अशी सवलत असते : उशिरा बनलेली असली तरी जुन्या मॉडेलसारखीच असेल तर चालते. आपण ज्याला मागासलेपण म्हणत होतो, ते तिकडे पात्रतेचं कागदपत्र निघालं.

उलटं उदाहरण आमच्या आरडीचं. ब्रिटनमधल्या क्लासिक शर्यतींत १९७२ अखेरची रेघ फार ठिकाणी असते, म्हणजे तोपर्यंतचीच मॉडेल चालतात. यामाहाची आर५ मॉडेल १९७० ते १९७२ ची, तीही ३४७ सीसी, बोअर-स्ट्रोकही तोच ६४ बाय ५४. ती रेघेच्या अलीकडे. तिच्यात रीड व्हॉल्व्ह आणि सहावा गिअर घातला की झाली आरडी, पण आरडी आली १९७३ मध्ये. एका वर्षाने वयात बसत नाही, नंतरच्या गटात जाते. हे ऐकून मास्तरांचा मुलगा चिडला होता. मला नियम पटला. रेघ नसती तर दरवर्षी ज्याच्याकडे पैसा तो नव्या जमान्याचे ब्रेक, नव्या जमान्याचा सस्पेन्शन जुन्या टाकीखाली बसवून आला असता, आणि माझ्यासारख्याला काही काम उरलं नसतं.

आणि नियमांनी यंत्र घडतं हे काही आजचं नाही. १९६० च्या दशकात ग्रांप्रीच्या गाड्या इतक्या गुंतागुंतीच्या होत गेल्या की १९६७ ची सुझुकीची ५० सीसीची दोन सिलिंडरची गाडी १४ गिअरची होती आणि होंडाची २५० सीसी सहा सिलिंडरची. मग मोटरसायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९६९ पासून ५० सीसीला एकच सिलिंडर आणि सहा गिअर, पुढच्या वर्षी २५० ला दोनच सिलिंडर, अशी बंधनं घातली. माझ्या मते आज रस्त्यावर दिसणारे दोन सिलिंडर-सहा गिअरचे दोन-स्ट्रोक त्याच मुशीतून निघाले. पूर्वी गटागटाला नंबरप्लेटचा रंगही ठरलेला असायचा. २५० ला हिरवा, ५०० ला पिवळा, ३५० ला निळ्यावर पांढरा आकडा. आमच्या आरडीची प्लेट निळी आहे ती म्हणून. मास्तरांच्या मुलाचा हट्ट.

आता ब्रेक, ज्यावर आमचं घर चालतं. क्लासिकच्या जुन्या गटांत डिस्क एकतर चालत नाही, किंवा त्या काळातली असेल तरच चालते. ड्रमवरच, म्हणजे चाकाच्या मधल्या डब्याला आतून शू दाबून थांबवणाऱ्या ब्रेकवरच भिस्त. गंमत म्हणजे मूळच्या आरडीला पुढे डिस्क होती आणि आपल्याकडे खर्च वाचवायला ड्रम लावला. तेव्हा लोक त्याला शिव्या घालायचे, आणि रस्त्यावर त्या योग्यही होत्या.

ड्रम धरत नाही याची दोन कारणं मला सापडली. पहिलं, स्पोक आवळले की ड्रम किंचित अंडाकृती होतो. म्हणून ड्रम सुटा फिरवून उपयोग नाही. रिम, स्पोक सगळं बांधून, पूर्ण ताण दिल्यावर, अख्खं चाक लेथवर चढवून आतून हलका कट घ्यायचा. १८ इंची रिमसकट चाक शहरातल्या लहान मशीनवर फिरत नाही. बाबांच्या खळग्यात फिरतं. दुसरं कारण शू. त्याच्यावरचं नवीन लायनिंग ड्रमच्या गोलाईला तंतोतंत कधीच बसत नाही, कुठेतरी एका ठिकाणीच टेकतं. आम्ही शू प्लेटवर बसवून, कॅमखाली पातळ पत्रा घालून, लायनिंगही लेथवर फिरवतो, ड्रमपेक्षा केसभर कमी व्यासाला. विंचच्या ब्रेकला बाबा हेच करायचे. भरलेलं जाळं वर येताना ब्रेक निसटला तर काय होतं ते बंदरावर सगळ्यांना माहीत आहे.

सगळंच जमलं असं नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर सरावाच्या दिवशी तिसऱ्या फेरीत आरडीचा डावा पिस्टन पकडला. दोष माझा. क्रँकच्या डाव्या टोकाचं सील मी जुनंच ठेवलं होतं, दिसायला चांगलं होतं म्हणून. दोन-स्ट्रोकमध्ये क्रँककेसमध्ये बाहेरची हवा शिरली की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो, फुगतो, आणि सिलिंडरला घट्ट बसतो. ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर मुलगा क्लच धरून बाजूला आला, पडला नाही. मी तिथेच वाकून सील बोटाने दाबून पाहिलं, ते पापडासारखं तुटलं. आता कुठलंही इंजिन उघडलं की सील सगळे नवीन. गिऱ्हाईक नको म्हणालं तर काम परत.

खारा वारा हा आमचा कायमचा भागीदार. उघडी ठेवलेली क्रँकपिन रात्रीत तांबूस होते. मोजमापाची साधनं डब्यात, ऑइलच्या कापडात. इंग्लंडला पाठवायचे ब्रेक शू आम्ही ग्रीसच्या कागदात गुंडाळून, वर प्लास्टिक, आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालून पाठवतो. पहिलं पार्सल तसं न करता पाठवलं होतं. तिकडून आलेला फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

आज आम्ही तिघं आहोत. मी, बाबांच्या वेळचा फिटर, आणि मुलगी, जी नियमावल्या वाचते, पार्सलचे कागद करते आणि आता चाक लेथवर मध्याला धरायलाही शिकली आहे. वर्षाचं निम्मं उत्पन्न अजून बोटींचंच. मास्तरांचा मुलगा गेल्या आठवड्यात विचारत होता, पुढे डिस्क बसवू का, आपल्याकडच्या शर्यतीत कोण बघतंय. त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. बुलेटवाल्या मुलाचं पुढचं चाक सध्या खळग्यात चढवलेलं आहे, कट घ्यायचा बाकी. ते ३१ मेच्या आत उतरवायलाच हवं. १ जूनपासून बोटी किनाऱ्याला लागतात, आणि मग तिथे फ्लायव्हील चढतं.