घट बसण्यापूर्वीची वाकळ

सोमवार, ८ सप्टेंबर

काल पौर्णिमा झाली आणि आजपासून पितृपंधरवडा लागला. २२ तारखेला घट बसतील, आणि त्याआधी घरातले झाडून सारे अंथरूण-पांघरूण धुऊन, वाळवून, घड्या होऊन जागच्या जागी गेले पाहिजे, हा आमच्या कराड भागातला नेम आहे. चादरींचे आणि सोलापुरी पांघरुणांचे काही अवघड नसते, कारण ती धुलाई यंत्रात जातात. अडते ते थोरल्या वाकळेपाशी. तिला पुण्याकडची मंडळी गोधडी म्हणतात आणि आमच्या मुलीलाही आता तोच शब्द तोंडी बसला आहे. पण या घरात ती वाकळच आहे आणि सासूबाई असेपर्यंत तरी वाकळच राहील.

आज ती माळ्यावरून खाली काढून हॉलमध्ये पसरली, तेव्हा मधल्या भागातले धावदोरे हातभर लांबीपर्यंत तुटलेले दिसले. अशा अवस्थेत वाकळ पाण्यात घालणे म्हणजे तिचा शेवट करणेच आहे, कारण दोऱ्याचा आधार सुटला की आतले पदर भिजून जड होतात, आपापल्या वजनाने एका कोपऱ्यात गोळा होतात आणि उरलेल्या जागी नुसते वरचे कापड राहते. म्हणून आधी दुरुस्ती आणि मग धुणे, असा क्रम ठरला. पंधरवड्यात नवे काम हाती घेऊ नये असे घरात मानतात, म्हणून मी आत्याबाईंना विचारले. (लग्न झाल्यापासून सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणत आले आहे.) त्या म्हणाल्या, "वाकळ कवा नवी असती का गं? जुन्याला जुनं जोडायचं. बस निवांत शिवत."

गुरुवार, ११ सप्टेंबर

दुपारी उसवायला बसले. मी मधूनच कात्री घातली, तर आत्याबाई खाटेवरून ओरडल्या, "कडंनं उसव, कडंनं!" वय चौऱ्याऐंशी, एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, तरी उसवण चुकीच्या ठिकाणी चालली आहे हे त्यांना कापड फाटल्याच्या आवाजावरून समजले. वाकळ कडेकडेने शिवत आत यायचे असते. चारही बाजूंना एक फेरी पूर्ण झाली की बोटभर अंतर सोडून तिच्या आत दुसरी, मग तिसरी, असे करत शेवटचा टाका मध्यावर पडतो. त्यामुळे उसवतानाही कडेनेच आत जावे लागते, नाहीतर कोणता दोरा कोठे थांबला आहे त्याचा पत्ता लागत नाही.

वरचा पदर निघाला. तो दोन इरकली लुगड्यांचा होता. लुगडे नऊवारी, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास लांब. पण बसण्याउठण्याने त्याचा मधला भाग आधी विरतो आणि काठांकडचे कापड मजबूत राहते, म्हणून वाकळेसाठी विरलेला भाग वगळून बाकीचे तुकडे जोडलेले असतात. त्याखाली मामंजींची धोतरे होती, पांढऱ्याची साय झालेली, बोट लावले तर बोट पलीकडे जाईल अशी. त्याखाली एक पीठगिरणीची कापडी पिशवी उलगडून घातलेली होती आणि तिच्यावरची निळी अक्षरे उलटी का होईना, अजून वाचता येत होती. आणि त्याखाली जे निघाले, ते पाहून मी हातातली कात्री खाली ठेवली. आत आणखी एक संपूर्ण वाकळ होती. लहान, तिचे स्वतःचे धावदोरे असलेली, बहुधा एखाद्या पोराच्या अंगाखालची, जशीच्या तशी आत ठेवून तिच्यावर ही थोरली शिवलेली.

आत्याबाईंना त्यात काहीच नवल वाटले नाही. "मग ती टाकून द्यायची होती का?" एवढेच त्यांनी विचारले.

गोधडीविषयी काहीही वाचायला घेतले की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात "मायेची ऊब" येतेच. मला त्या शब्दांचा आताशा कंटाळा येतो. माया असेल, नाही असे नाही. पण ही वाकळ ज्या घरात शिवली गेली त्या घरात अकरा माणसे होती, कापूस भरलेल्या गाद्या फक्त पाहुण्यांसाठी होत्या, आणि फाटलेले लुगडे टाकण्याची ऐपत कोणाचीच नव्हती. ऊब येते ती पदरांच्या मध्ये अडकून राहिलेल्या हवेमुळे. जुने सुती कापड इतके मऊ का लागते, तर शेकडो धुण्यांत त्याची खळ निघून गेलेली असते म्हणून. आत्याबाईंच्या तोंडून मी वाकळेबद्दल एकही हळवा शब्द आजवर ऐकलेला नाही. ऐकले ते इतकेच की पातळ झालेले धोतर नेहमी आत घालावे, नायलॉनच्या साडीला हात लावू नये, कारण ती घाम शोषत नाही आणि इतर पदरांवरून सरकत राहते, आणि दोऱ्याची गाठ कापडाच्या आत लपवावी.

रविवार, १४ सप्टेंबर

कालपासून उत्तरा नक्षत्र लागले. यांच्या पर्जन्यमापकात सकाळी साडेआठ वाजता ११ मिलिमीटर पाऊस निघाला. हवामान खात्याची चोवीस तासांची नोंद सकाळी साडेआठलाच होते, म्हणून यांचीही त्याच वेळी. पाहुणे चहाला बसलेले असोत किंवा गॅसवर दूध उतू जात असो, साडेआठ म्हणजे साडेआठ. निवृत्तीनंतर जडलेला हा छंद आहे आणि त्याच्या सात वह्या भरल्या आहेत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कोयनेचे १०५ टीएमसीचे धरण भरते, आणि आपण मात्र डोंगराच्या पाठीमागे बसून अकरा-बारा मिलिमीटर मोजतो, याचे यांना दर वर्षी नव्याने वाईट वाटते.

आज यांनी वाकळेलाही मोजमापात ओढले. लांबी २०० सेंटिमीटर, रुंदी १५० सेंटिमीटर, दोन ओळींतले अंतर दीड सेंटिमीटर. म्हणजे दोऱ्याची एकूण धाव साधारण २०० मीटर. एका सेंटिमीटरला एक टाका धरला तर वीस हजार टाके. मला इतके घालायचे नाहीत, तुटलेल्या भागापुरतेच घालायचे आहेत, तरी हा आकडा ऐकल्यावर माझा खांदा दुखू लागला. पायमशीनवर करून पाहण्याचा मोह कालच झाला होता. सहा पदर दाबपट्टीखाली कसेबसे सरकले आणि अठरा नंबरची सुई चौथ्या टाक्याला कडकन मोडली.

मुलगी शनिवार-रविवारसाठी पुण्याहून आली आहे. तिचा छंद परदेशी पद्धतीच्या क्विल्टचा आहे आणि तिने नुकताच पुरा केलेला एक क्विल्ट दाखवायला आणला होता. त्या नमुन्याला लॉग केबिन म्हणतात. मध्ये एक छोटा लाल चौकोन, तो म्हणे घरातल्या चुलीचा, आणि त्याच्याभोवती ओंडके रचावेत तशा पट्ट्या एकेक करून जोडत बाहेर जायचे. काम अतिशय नेटके होते, प्रत्येक शिवण पाव इंचाची, कोपरे काटकोनात. आत्याबाईंनी त्यावरून हात फिरवला, उलटा करून पाहिला आणि विचारले, "ही लुगडी कुणाची?" कापड दुकानातून नवे आणून त्याचे तुकडे केले, हे मुलीने सांगितल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चांगलं धडकं कापड फाडून ठिगळं केलीस?"

मुलगी हसली, पण तिला लागले असावे. माझे मत मी तेव्हा सांगितले नाही, ते येथे लिहिते. नव्या कापडाचे तुकडे करण्यात मला काही पाप दिसत नाही. तो शोभेचा प्रकार आहे आणि शोभेला बंदी कोठे आहे? मला गंमत वाटली ती निराळीच. तिच्या हातातले काम चुलीपासून निघून बाहेर जाते आणि माझ्या हातातले काम उंबऱ्यापासून निघून आत येते, आणि या घरातल्या दोन पिढ्या एकाच चटईवर बसून दोन उलट दिशांना शिवत आहेत. संध्याकाळी मुलीने स्वतःहून सुई मागितली आणि वाकळेच्या तीन ओळी घातल्या. तिचे टाके माझ्यापेक्षा सारखे आहेत.

मंगळवार, १६ सप्टेंबर, रात्री उशिरा

हात अजून थरथरत आहेत, तरी लिहून ठेवते.

आमची टाचणी, म्हणजे मांजर (नाव मुलीने ठेवलेले, पिल्लू असताना तिची नखे फार बोचत), वाकळ पसरल्यापासून तिच्यावरच मुक्कामाला आहे. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून मी परत आले, तो टाचणी मान खाली घालून विचित्र ओकाऱ्या काढत होती आणि तिच्या तोंडातून वीतभर पांढरा दोरा लोंबत होता. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे एकदा आत ओढला गेलेला दोरा तिला थुंकून टाकता येत नाही. ती बिचारी गिळतच राहते. मी दोरा ओढायला हात पुढे केला आणि हे मागून ओरडले, "ओढू नकोस!" यांनी डॉक्टरांना फोन लावला होता. डॉक्टरांनीही तेच सांगितले की दोऱ्याचे एक टोक जिभेखाली अडकलेले आणि दुसरे आतड्यात उतरलेले असले, तर ओढल्यावर तो आतडे कापत जातो. तेल पाजू नका, काही खाऊ घालू नका, आहे तशी घेऊन या.

त्या गडबडीत माझी नजर सुयांच्या डबीकडे गेली. दुपारी काम सुरू केले तेव्हा डबीत सहा सुया मोजल्या होत्या. आता पाच होत्या.

रिक्षात पिशवीच्या तोंडातून तिचे डोके तेवढे बाहेर होते आणि मी सारा रस्ता तिच्या गळ्यावरून बोट फिरवत, कोठे काही टोचते का ते चाचपत होते. दवाखान्यात एक्स-रे काढला. दोरा एक्स-रेमध्ये दिसत नाही, धातू दिसतो. सुई असती तर पांढऱ्या रेघेसारखी उमटली असती. ती उमटली नाही. मग भूल देऊन तोंड उघडले, तेव्हा दोऱ्याचा वेढा जिभेच्या बुडाशी बसलेला सापडला. डॉक्टरांनी तो तेथे कापून मोकळा केला आणि घशाकडचे टोक अगदी हलक्या हाताने काढून पाहिले. नशिबाने दोरा फार आत गेलेला नव्हता आणि कोठे अडला नाही. साडेदहाला घरी आलो. टाचणी आता टोपलीत झोपली आहे. दोन दिवस उलटी, खाणे आणि पोट यांवर लक्ष ठेवायला सांगितले आहे.

चूक सर्वस्वी माझी. दोरा ओवलेली सुई अंथरुणावर टाकून उठायचे नाही, हे मला आईने आठव्या वर्षी शिकवले होते.

बुधवार, १७ सप्टेंबर

टाचणीने सकाळी थोडे दूध-भात खाल्ले. उलटी नाही. सहावी सुई अजून सापडलेली नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

सुई सापडल्याशिवाय वाकळ धुता येत नाही, कारण वाकळ पायांनी तुडवूनच धुवावी लागते आणि सुई कोणाच्या टाचेत गेली म्हणजे आणखी एक दवाखाना. मी दोन्ही हातांनी इंच इंच दाबून पाहिले, काही लागले नाही. शेवटी यांनी जुन्या रेडिओच्या मोडक्या स्पीकरचे लोहचुंबक आणले आणि ते वाकळेवरून, पाटीवर पेन्सिल फिरवावी तसे, ओळीओळीने फिरवू लागले. पर्जन्यमापकाची शिस्त कधीतरी उपयोगी पडली, हे मी मान्य करते. पायथ्याच्या बाजूला चुंबक एका जागी चिकटले. माझी सुई तेथे धोतराच्या पदरात आडवी झाली होती, नाकात दोऱ्याचा इवलासा तुकडा तसाच.

एवढ्यावर थांबायला हवे होते, पण यांना ओळी पूर्ण करायच्या होत्या. मध्याच्या जवळ चुंबक पुन्हा ओढले गेले. तेथे हाताला काहीच लागत नव्हते. उसवलेल्या जागेतून हात घालून आतल्या लहान वाकळेपर्यंत पोहोचले, तेव्हा एक गंजलेली सुई निघाली, बोटाएवढी लांब, जाड, आणि ती जेथे होती तेथे कापडावर तांबूस डाग पडलेला होता.

आत्याबाईंनी ती हातात घेतली, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"ही थोरल्या जाऊबाईंची," त्या म्हणाल्या. "वाकळ माझी, सुई त्यांची. हरवली म्हणून मला चोर ठरवलंवतं. दोन महिनं बोलत नव्हत्या माझ्याशी. एका चुलीवर सैपाक, पण बोलणं नाही." मग थोड्या वेळाने, "गेल्या त्या. आता दाखवू कुणाला?"

सुई टाकून द्यावी का, असे मी विचारले. त्यांनी ती माझ्या डबीत ठेवायला सांगितली. डबीत आता सात सुया आहेत.

शनिवार, २० सप्टेंबर

काल रात्री शेवटची ओळ संपली. मध्यभागी कापडाला थोडा फुगा आला आहे, जो आत्याबाईंच्या शिवणीत कधी येत नसे; दोरा मी जरा जास्त ओढून घेते असे त्यांचे निदान आहे.

पूर्वी सगळ्या वाड्यातल्या वाकळा कृष्णेवर जात. कृष्णा आणि कोयना येथे समोरासमोर येऊन भेटतात, त्या संगमाच्या घाटावर बायकांची रांग लागे, सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर भिजवलेली वाकळ दगडावर घेऊन धोपाटण्याने बडवीत, आणि पिळायला दोघी समोरासमोर उभ्या राहून उलट दिशांना पीळ देत. यंदा नदीला पाणी मोठे आहे आणि घाटावर शेवाळ आहे, म्हणून आम्ही गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या टबात भागवले. नळाच्या पाण्याने धुतलेली वाकळ आत्याबाईंना अर्धीच धुतल्यासारखी वाटते. टाचणी कठड्यावर बसून सारा प्रकार पाहत होती, खाली उतरली मात्र नाही.

पिळायला एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला हे. पिळण्याआधी यांनी वाकळ चादरीच्या झोळीत घालून ताणकाट्याला लटकवण्याचा हट्ट धरला, आणि त्यात आम्हा दोघांचीही कंबर कामाला आली. दुपारी ऊन चांगले पडले. पावसाच्या वहीत आजच्या तारखेसमोर यांच्या अक्षरात लिहिले आहे: पाऊस निरंक; वाकळ, कोरडी ३ किलो १००, ओली ९ किलो ४००.