दोनशे लाकूड
काल रात्री साडेदहाला आम्ही चौघं हॉस्टेलवाले पुन्हा 'एज ऑफ एम्पायर्स 2' हा लढायांचा कम्प्युटर गेम ऑनलाइन खेळायला बसलो. एक नाशकात, एक बंगळुरूत, दोघं पुण्यात. मूळ गेम 1999 चा, आता 2019 ची नवी आवृत्ती, पण सुरुवातीला अन्नासाठी मेंढ्या शोधायची धांदल तीच.

समोर अनोळखी चौघं, तयारीचे. त्यांचे घोडेस्वार थेट माझ्या लाकूडतोड्यांवर तुटून पडले. घोड्यांना भालेवालेच हवेत, त्यांना सोनं लागत नाही, नुसतं अन्न आणि लाकूड. आणि माझं लाकूड संपलेलं! तेवढ्यात नाशिककर हेडफोनमधून ओरडला, "थांब रे, माझा बाजार झालाय, दोनशे पाठवतो."

बाजार बांधला की साथीदाराला माल पाठवता येतो. त्याच्याकडेही लाकूड फार नव्हतं, मला दिसत होतं.

वीस मिनिटं तग धरला. शेवटी त्यांच्या ट्रेबुशेनी, म्हणजे मोठाले दगड फेकणाऱ्या यंत्रांनी, किल्ला पाडला, हरलो. ते दोनशे लाकूड मात्र सकाळपासून डोक्यात आहे. शनिवारी परत बसतोय.